दहा नंबरचा पाना

आवाज ऐकून बिघाड सांगणं ही कला आहे, आणि ती माझ्या अंगात उपजत आहे! शिकवून येत नाही ती. मिक्सर नुसता घुरघुरला की मी बाहेरच्या खोलीतून सांगतो, "भांडं नीट बसलेलं नाही." पंखा, नळ, दाराची बिजागरी, ऑफिसातल्या साहेबांचा घसा, कशात काय बिघडलंय ते मला दुरून कळतं. आमच्या गाडीतला रेडिओसुद्धा मी स्वतः बसवलाय, दोन वर्षांपूर्वी, कोणाचीही मदत न घेता. त्यावर एकच स्टेशन लागतं, पण लागतं!

त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की 'कुर्र... टक्!' असा आवाज यायला लागला, तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. उलट मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. आदल्याच दिवशी मी एक गतिरोधक न बघता गाडी उडवली होती, आणि आवाज त्यानंतर सुरू झाला होता. पण हे घरी सांगण्याची काही गरज नव्हती.

"गॅरेजमध्ये दाखवून या," ही म्हणाली. ही म्हणजे माझी बायको.

"कशाला? गॅरेजवाला काय जन्मताना पाने घेऊन आला होता? घरी करतो मी. अर्ध्या तासाचं काम!"

"कधी?"

"आज नाहीतर उद्या."

आज नाहीतर उद्या करता करता आठवडा सरला आणि रविवार उजाडला. रविवारी गॅरेज बंद. आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता हिची मुलाखत!

ही मुलाखत म्हणजे काय होती, ते तुम्हाला सांगायलाच हवं. लग्नाआधी ही रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. मग माझ्या तीन बदल्या झाल्या, मग माझे वडील अंथरुणाला खिळले. त्यांचं सात वर्षांचं आजारपण हिनं काढलं. मी ऑफिसात होतो. अकरा वर्षं अशी गेली आणि हिच्या तोंडून मी एकदाही 'माझं काय?' असं ऐकलं नाही. वडील गेल्यावर हिनं पुन्हा अर्ज करायला सुरुवात केली. एकतीस अर्ज गेले. तीस ठिकाणांहून काहीच आलं नाही, आणि एका ठिकाणाहून बोलावणं आलं. ते ठिकाण डोंगर उतरून दोन तासांवर, आणि पहिली बस तिथे पोचते साडेदहाला! म्हणजे गाडीशिवाय इलाज नाही. ही स्वतः चालवणार होती आणि सोबतीला तिची आई जाणार होती.

"अहो, खरंच होईल ना दुरुस्त?" रविवारी सकाळी हिनं विचारलं. हातात कागदपत्रांची फाईल होती. चार दिवस ती फाईल तिच्या हातातून सुटली नव्हती.

"अगं, झालीच म्हणून समज!" मी म्हणालो आणि अवजारांची पेटी घेऊन खाली उतरलो.

बघतो तर गाडीशेजारी खुर्ची टाकून सासूबाई आधीच बसलेल्या! मांडीवर वही, गळ्यात स्टेथोस्कोप.

आमच्या सासूबाई पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होत्या. मोठमोठे सर्जन त्यांच्यासमोर आवाज खाली ठेवून बोलायचे म्हणे. मी तर जावई, माझी काय कथा! त्या महिन्याभरासाठी आमच्याकडे आल्या होत्या आणि त्यांनी आठवड्याभरात आमचं औषधांचं कपाट, माझं पोट आणि जिन्यातला दिवा यांना शिस्त लावली होती.

"पेशंटला त्रास कधीपासून आहे?" त्यांनी पेन उघडलं.

"आई, ती गाडी आहे."

"मी विचारलं, कधीपासून?"

"आठ दिवस."

"आणि आज आणलंत! सगळे नातेवाईक असंच करतात." त्यांनी लिहून घेतलं. "दोन्ही बाजूंना वळताना, का एकाच?"

"डावीकडेच."

"म्हणजे सांध्याचं दुखणं आहे. नाहीतर आत काहीतरी राहिलंय."

मी इतका हसलो की चष्मा सावरावा लागला. "आई, हे काय पोटाचं ऑपरेशन आहे, आत काहीतरी राहायला? स्टिअरिंगच्या दांड्याला तेल कमी पडलंय, बास!"

त्या उठल्या, दार उघडून आत वाकल्या, आणि स्टेथोस्कोप कानात घालून स्टिअरिंगच्या बरोबर मधोमध टेकवला. मी दुसऱ्या बाजूनं कौतुकानं बघायला वाकलो आणि माझं कोपर हॉर्नवर पडलं!

सासूबाई ताठ झाल्या. सावकाश एक कान मोकळा केला, मग दुसरा. मग दोन मिनिटं नुसत्या समोर बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं आता, उद्याची मुलाखत बाजूलाच, आजच कानाच्या डॉक्टरकडे जावं लागणार.

"फुप्फुसं चांगली आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "सुरू करा."

मी पेटी उघडली. तर त्यांनी एक धुतलेला टॉवेल अंथरला, माझं एकेक अवजार त्यावर ओळीनं मांडलं आणि मोठ्यानं मोजायला लागल्या. "...वीस, एकवीस, बावीस. बावीस! लिहिलं. बंद करताना पुन्हा मोजायचं."

"आई, कशाला एवढं..."

"पस्तीस वर्षांत माझ्या टेबलावर मोजल्याशिवाय एकही टाका पडलेला नाही. आणि ह्या एका पान्यावर पिवळा ठिपका का नाही?"

झालं! नको तिथेच बोट ठेवलं. माझ्या प्रत्येक अवजारावर मी हिच्या जुन्या नेलपॉलिशचा पिवळा ठिपका देतो, ओळख म्हणून. फक्त दहा नंबरच्या पान्यावर ठिपका नव्हता, कारण तो माझा नव्हताच. त्याचं असं झालं होतं, की दोन वर्षांपूर्वी तळमजल्यावरच्या घड्याळजींनी दुकानाचं शटर दुरुस्त करायला माझी पेटी एका दिवसासाठी मागून नेली. परत आली ती दहा नंबरच्या पान्याशिवाय! मी जिन्यात उभा राहून, चारी मजल्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, माणसं कशी असतात त्यावर बोललो. घड्याळजी खाली मान घालून ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी आमच्या दाराच्या कडीला कागदात गुंडाळलेला नवा कोरा दहा नंबरचा पाना लटकत होता.

"बघितलंस? गुन्हा कबूल!" मी हिला म्हणालो होतो.

"मला नाही वाटत त्यांनी नेला असेल. भला माणूस आहे तो," ही म्हणाली होती.

तेव्हापासून आमचं बोलणं बंद. म्हणजे माझं बंद. ह्याच आठवड्यात बुधवारी त्यांनी गाडीच्या वायपरखाली चिठ्ठी खोचून ठेवली होती. अक्षर ओळखीचं, मोत्यासारखं बारीक. 'गाडी नीट लावत जा' असंच काहीतरी असणार! मी न वाचता तिचे चार तुकडे केले आणि त्यांना दिसेल अशा पद्धतीनं कचऱ्याच्या डब्यात टाकले.

असो. मी कामाला लागलो. मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला मनुष्य म्हणाला, "आधी स्टिअरिंगखालचं कव्हर काढा, सोपं आहे." त्याला सोपं होतं, त्याच्याकडे दुसरी गाडी असणार. मी चार स्क्रू काढले, कव्हर ओढलं, आलं नाही. जरा जोर लावला, तरी आलं नाही. मग मी पाय टेकवून ओढलं.

कव्हर हातात आलं आणि हॉर्न वाजायला लागला.

पोंऽऽऽऽ! मी स्टिअरिंगवर थापट्या मारल्या, वायर हलवली, किल्ली काढली. पोंऽऽऽऽ! गॅलऱ्या भरल्या. कुठूनतरी एक कुत्रा रडायला लागला. ही फाईल छातीशी धरून धावत खाली आली. "अहो, काय केलंत?" असं ती विचारत होती, ते मला तिच्या ओठांवरून कळलं.

"बॅटरी!" सासूबाई गरजल्या. थिएटरमध्ये तोच आवाज लावत असणार, कारण हॉर्नच्या वरून ऐकू आला. "बॅटरी सोडवा! हात पुढे करा! दहा नंबर!"

आणि माझ्या तळहातावर चापकन तोच तो बिनठिपक्याचा पाना पडला. मी बॉनेट उघडून बॅटरीची तार सोडवली आणि जग शांत झालं. माझ्या कानात मात्र पोंऽऽ चालूच होतं.

तळमजल्याच्या दारात घड्याळजी उभे होते. डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलेलं. त्यांनी एक बोट वर केलं, काहीतरी सांगायचं असल्यासारखं. मी पाठ फिरवली. ह्या माणसाकडून आता आवाजाबद्दल तक्रार ऐकायची? त्याच्याच पान्यानं आवाज बंद केलेला असताना?

पुढचा तासभर मी चोख काम केलं. हॉर्नची दबलेली वायर सरळ केली. स्टिअरिंगच्या दांड्यावर, सांध्यावर, दिसेल त्या फटीत तेलाचा फवारा मारला. हात कोपरापर्यंत आत घालून सगळं चाचपलं, ढकललं, हलवलं. कव्हर लावलं, चारही स्क्रू बसवले, बॅटरी जोडली. गाडी सुरू करून श्वास रोखून स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

आवाज नाही!

पुन्हा फिरवलं, पूर्ण टोकापर्यंत. कुर्र नाही, टक् नाही!

"काय म्हणत होतो मी?" मी गाडीतून उतरलो तो जवळजवळ नाचतच. हिचा चेहरा असा खुलला की मला आठ दिवसांचा उशीर माफ झाला. "जा, निवांत तयारी कर. तेल कमी पडलं होतं, तेल!"

मागून सासूबाईंचा आवाज आला. "एकवीस."

"काय?"

"अवजारं एकवीस आहेत. उघडा परत."

"आई, असेल इथेच कुठेतरी पडलेलं! आवाज गेलाय ना? पेशंट बरा झालाय ना?"

"पेशंट बरा दिसतोय म्हणून मी घरी सोडत नसते. एक आत राहिलंय. उघडा."

"अहो, चार स्क्रू आहेत! मगाशी सगळ्यांचं लक्ष हॉर्नकडे असताना कोणीतरी उचललं असेल." एवढं बोलून मी तळमजल्याच्या दाराकडे सूचक बघितलं.

"पुरे!" ही म्हणाली. अकरा वर्षांत चारदाच ऐकलेला आवाज होता तो. "उद्या त्या गाडीत माझी आई बसणार आहे. उघडा म्हणतेय ना ती?"

उघडलं. काय करणार! कव्हर काढलं, आत बघितलं, काही दिसेना. मग मी व्हिडिओतसुद्धा नसलेली गोष्ट केली. उताणा होऊन डोकं पेडलजवळ घातलं आणि पाय सीटच्या पाठीवरून वर टाकले. त्या अवस्थेत मला अर्धी कॉलनी बघत होती. मगाशी मीच मारलेलं तेल थेंब थेंब माझ्या कपाळावर पडत होतं. मी हात वर घातला, पेडलच्या दांड्यामागे, आणि बोटांना काहीतरी गार लागलं. लोखंडी आणि सुटं. धरून ओढलं आणि तो एक पाना हातात आला.

"सापडला!" मी आतून ओरडलो. मनातून ओशाळलो होतो, पण ओरडलो. "घ्या तुमचा बाविसावा!"

सासूबाईंनी तो घेऊन टॉवेलवर ठेवला आणि मोजलं. "बावीस. बरोबर."

"अहो," ही म्हणाली. माझे पाय अजून वरच होते. "तुमच्या मागच्या खिशातून काय डोकावतंय?"

मी चाचपलं. स्क्रू ड्रायव्हर! कव्हर लावल्यावर सवयीनं मीच खिशात खोचलेला.

सासूबाईंनी तोही टॉवेलवर ठेवला. मग त्या सावकाश म्हणाल्या, "तेवीस."

मी कसाबसा बाहेर आलो. टॉवेलवर शेजारी शेजारी दोन दहा नंबरचे पाने होते. एक घड्याळजींचा, चकचकीत. दुसरा धुळीनं माखलेला, एका बाजूनं घासून पांढरा झालेला. सासूबाईंनी टॉवेलच्या टोकानं तो पुसला. धूळ निघाली आणि खालून पिवळा ठिपका वर आला.

रेडिओ! दोन वर्षांपूर्वी रेडिओ मी बसवला होता. पेटी घड्याळजींकडे गेली त्याच्या आदल्याच आठवड्यात! पाना आत कुठेतरी ठेवला, विसरलो आणि कव्हर लावून टाकलं. दोन वर्षं तो तिथे सुखानं पडून होता. मग मी गतिरोधकावरून गाडी उडवली आणि तो घसरून स्टिअरिंगच्या सांध्याला लागला. कुर्र... टक्!

"कुठे होता नेमका?" सासूबाईंनी विचारलं.

"ब्रेकच्या पेडलच्या मागे. आडवा." माझं बोलणं बोलता बोलताच मंदावलं. "मगाशी मीच ढकलला असणार तिथे. म्हणून आवाज गेला."

आणि मग मला ते पुरतं उमगलं. आवाज गेला होता, कारण पाना स्टिअरिंगवरून निघून ब्रेकवर आला होता. उद्या पहाटे डोंगराच्या उतारावर एक धक्का बसला असता, आणि हिनं ब्रेक दाबला असता, तर तो खाली गेलाच नसता. गाडीत ह्या दोघी. आणि मी घरी, आपलं काम किती चोख झालं ह्या आनंदात!

मी तिथेच पायरीवर बसलो. ही शेजारी येऊन बसली, फाईल बाजूला ठेवून. चार दिवसांत पहिल्यांदाच ती हातातून सुटली होती. ती नुसती पदरानं माझ्या कपाळावरचं तेल पुसत राहिली. मला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

"आई," मी म्हणालो, "तुम्ही मोजलं नसतंत तर..."

"मोजण्यात चूक झाली म्हणून सापडला," सासूबाई वही मिटत म्हणाल्या. "खिसा आधी बघायला हवा होता मी. म्हातारी झाले." मी वाकून त्यांच्या पाया पडलो. लग्नात पडलो होतो त्यापेक्षा कितीतरी मनापासून.

"माझ्या नाही," त्या म्हणाल्या. "घड्याळजींकडे जा. हिनं मला सगळं सांगितलंय."

मी गेलो. हातात दोन्ही पाने. घड्याळजींच्या खोलीत भिंतभर घड्याळं टिकटिकत होती आणि ते मान खाली घालून एका छोट्या काट्याशी खटपट करत होते. मी पिवळ्या ठिपक्याचा पाना टेबलावर ठेवला.

"माझ्याच गाडीत होता," मी म्हणालो. "दोन वर्षं. मी तुम्हाला चारचौघांत नाही नाही ते बोललो. माझं चुकलं."

त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं आणि पाना उलटसुलट करून बघितला. "निघाला का? बरं झालं. मला काळजीच लागली होती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"गेले आठ दिवस ऐकतोय ना! फाटकाशी डावीकडे वळलात की टक्. सुट्या लोखंडाचा आवाज, घट्ट बसलेल्या भागाचा नव्हे. चाळीस वर्षं टिकटिक ऐकण्यात गेलीत साहेब, एवढं कळतं. बुधवारी चिठ्ठी लावली होती तुमच्या गाडीला."

मला कचऱ्याच्या डब्यातले चार तुकडे आठवले. "काय... काय लिहिलं होतं?"

"हेच. 'पेडलच्या वर काहीतरी सुटं आहे, कृपया हात घालून बघावे, बाईसाहेब गाडी चालवतात.' मगाशी सांगायला आलो होतो, पण तुम्ही पाठ फिरवलीत. मग म्हटलं, आता ह्यांच्या बायकोलाच गाठावं. येतच होतो."

"मग नवा पाना का आणून दिलात? तुम्ही तर नेलाच नव्हता!"

"तुम्ही फार चिडला होतात हो," ते म्हणाले. "आणि पान्यावाचून माणसाचं काम अडू नये."

मला भडभडून आलं. लपवलं नाही, लपवून उपयोगही नव्हता, डोळ्यांतलं तेल आहे असं किती वेळ म्हणणार! त्यांनी स्टोव्हवर चहाचं भांडं ठेवलं आणि मी दोन वर्षांत न बोललेलं सगळं एका चहात बोललो.

सोमवारी पहाटे गाडी निघाली. फाटकाशी डावीकडे वळली. मी वरून कान लावून ऐकत होतो आणि घड्याळजी खालून. काही आवाज नाही. दुपारी हिचा फोन आला.

"अहो, मिळाली नोकरी!" आणि मग हसू दाबत, "त्यांनी विचारलं, कामात चूक होऊ नये म्हणून काय काळजी घेता? मी म्हटलं, काम झाल्यावर आधी मोजते. आणि कालची सगळी गोष्ट सांगितली. पाच जण होते समोर, पाचही जण पोट धरून हसले!"

"माझं नाव सांगितलंस?"

"नाही. पण पहिल्या दिवशी सोडायला आलात की ओळखतील."

ओळखू देत! मी धावत खाली गेलो, घड्याळजींना बातमी दिली आणि त्यांचा तो चकचकीत पाना पुसून दोन्ही हातांनी पुढे केला. "हा तुमचा. आता माझा मला मिळालाय."

त्यांनी तो घेतला, उजेडाकडे धरून बघितला आणि पुन्हा माझ्याच हातात ठेवला.

"राहू द्या साहेब," ते अगदी मनापासून म्हणाले. "पुन्हा कधी गाडी उघडाल, तेव्हा एक आत ठेवायला आणि एक बाहेर कामाला, असे दोन लागतीलच तुम्हाला!"

मी पाना खिशात घातला. मग आठवण होऊन लगेच बाहेर काढला आणि हातातच धरून वर आलो.